हलू नका

समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला इथले लोक 'हार' म्हणतात.
आज सकाळी ते आलं तसा
टे नदीवरचा पूल मधूनच पुसला गेला,
आणि आर्ब्रोथहून पहिल्या गाडीने आलेला
डगल्ड स्वांकी, वय एकेचाळीस,
ओल्या कॉलरनिशी माझ्यासमोर उभा राहिला.

धातूचं सगळं काढून ठेवा, मी म्हटलं.
चाव्या. साडेतीन पौंड. जाळं विणायची पितळी सुई.
बोट गेली, सुई राहिली.
अंगठी?
'ती मार्चमध्ये गेली,' तो म्हणाला,
माणूस गेल्याचं सांगावं तसं.

मी डॉक्टर नाही. मी यंत्र चालवते.
माणसाच्या कानांत बोळे घालते, त्याला नळीत सरकवते,
आणि काचेआडून सांगते: हलू नका.

पहिला खेळ सोपा.
हिरवा चौकोन आला की बटण दाबायचं,
लाल आला की नाही.
पाच वर्षांचं पोर करतं.
डगल्डचा अंगठा लालवर पडतो,
मग छातीवरचा पट्टा दाखवतो, श्वास अडकला,
मग माइकवर ऐकू येतं, च्च.
दरवेळी याच क्रमाने.
अंगठा पोचलेला असतो.
'नको' मागून धापा टाकत येतो
सुटलेल्या गाडीच्या फलाटावर.

मग चित्रं.
खुर्ची. छत्री. पाण्याचा पेला.
चांदीचा कागद, त्याखाली लायटर.
खुर्चीला काही नाही, छत्रीला नाही,
पेल्याला किंचित, तहान असेल.
कागदाला मात्र खोल आत, वालाएवढ्या जागी,
बंदरातल्या सगळ्या बोटींनी एकदम दिवे लावले.
रंग अजून कच्चे असतात, पक्का हिशेब नंतर होतो.
पण कच्च्यातही कळतं.

मधल्या सुट्टीत त्याने चहाला दोन्ही हात शेकले.
'मजा येत नाही हो आता.
मजा सहा वर्षांपूर्वीच उतरून गेली कुठल्यातरी धक्क्यावर.
ओढ तेवढी बोटीवर राहिली.'
बहिणीने कप काठोकाठ भरला नाही
म्हणून तिच्याशी महिनाभर अबोला.
बापाला मातीत ठेवलं त्या दिवशी
डोळे कोरडे, आणि एकच विचार, किती वाजले.
'मी तोच आहे का, असं वाटतं.
कळतं सगळं.
सुकाणू फिरवतो, हातात फिरतंही.
बोट वळत नाही.'
मी काही बोलले नाही. आम्ही बोलायचं नसतं.

शेवटचे फोटो ज्याचे त्याने घरून आणायचे.
याने एकच आणला.
फ्लोरा, सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले,
मासे धुरावायच्या खोपटाच्या दारात,
पायात कुणाचेतरी मोठे गमबूट.
ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.
चौकटीबाहेर, डावीकडे, काहीतरी आहे, त्याला हसतेय.

पहिल्यांदा दाखवला. खुर्चीइतकाच.
दुसऱ्यांदा. खुर्चीहून थोडा कमी.
मला सवय आहे. अकरा वर्षं हे बघतेय.
तरी मी उगाच घड्याळाकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा पडद्यावरचं डोकं फाटलं.
कडा दुहेरी झाल्या, रंग एकमेकांत सांडले,
वाचता येईना काही.
दोन मिलिमीटरपर्यंत चालतं.
त्यावर गेलं की ती चौकट टाकून द्यायची,
कोष्टकात कारण लिहायचं: हालचाल.
चार पूर्णांक एक.
खोकला असेल. मान अवघडली असेल.
खोकला असता तर पट्टा उडाला असता.
पट्टा शांत होता.

मी माइक सुरू केला.
मिस्टर स्वांकी, हलू नका.

नळीतून बराच वेळ नुसती घरघर.
मग त्याचा आवाज, झोपेतून उठल्यासारखा:
'हललो का मी?'

हो, मी म्हटलं.
थोडे. डावीकडे.